तळटीप : ‘भला माणूस’

जव्हार-मोखाड्याच्या आठवणींत ‘भला माणूस’ वारंवार येतो. इंग्रजी आवृत्तीत त्यासाठी एकच विशेषण सरसकट वापरलेलं नाही. पावसाळ्यात उसनी आणलेली नागली पीक निघाल्यावर त्याच पायलीने मापून परत करणारा ‘ऑनेस्ट’, म्हणजे व्यवहाराला चोख. सावकाराच्या तोंडावर वेठबिगारीची खरी साक्ष देणारा मात्र ‘अपराइट’. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी रद्द होण्याआधी अशी साक्ष देणारा कामाला आणि घासाला मुकू शकत होता. तिथे नुसतं ‘ऑनेस्ट’ फारच तोकडं पडतं.

‘रायचस’ मुद्दाम टाळलं आहे. इंग्रजी बायबलमुळे त्याला धर्माज्ञा पाळण्याचा अर्थ घट्ट चिकटला आहे. ‘व्हर्च्युअस’मधून सोवळेपणा डोकावतो.

शेजारणीच्या आवणीला न बोलावता जाणाऱ्या बाईला साधं ‘गुड’च शोभतं.