औषधाविना थांबलेली साथ

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिणाऱ्याची लेखणी बहुधा मृतांच्या आकड्यापाशी थबकते. ज्या साथीने लाखो माणसे नेली, तिच्यावर ग्रंथ लिहिले जातात. जी वेळीच थांबली, तिची नोंद दोन ओळींत आटोपते. २००३ साली 'सार्स' या नावाने ओळखल्या गेलेल्या साथीच्या वाट्याला हेच आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंतिम नोंदीनुसार तिचे रुग्ण ८,०९६ आणि मृत्यू ७७४. पुढे आलेल्या कोविडच्या महापुरापुढे हे आकडे इतके लहान दिसतात की त्या साथीची आठवणही पुसट झाली आहे. तरीही तिच्याकडे पुन्हा वळावे असे आम्हांला वाटते. ती थांबली तेव्हा तिच्यावर औषध नव्हते आणि लसही नव्हती. मग ती थांबली कशी, आणि तिच्याच कुळातला दुसरा विषाणू सोळा-सतरा वर्षांनी त्याच उपायांना का जुमानला नाही, हे दोन प्रश्न एकत्र ठेवले तरच त्या इतिहासाचा अर्थ लागतो.

करोना हे विषाणूंचे कुळ वैद्यकाला तसे नवे नव्हते. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील साध्या सर्दीचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना काही अपरिचित विषाणू सापडले. त्यांतील एकाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दर्शन घडविले ते जून आल्मेडा या स्कॉटिश विदुषीने. घरच्या परिस्थितीमुळे सोळाव्या वर्षीच शाळा सोडून तिने प्रयोगशाळेत नोकरी धरली होती. त्या विषाणूच्या गोल कवचाभोवती उभे असलेले काटे तिला मुकुटासारखे दिसले, आणि १९६८ साली या कुळाला 'करोना' हे नाव मिळाले. मुकुट डोक्यावर असला तरी मान मात्र मिळाला नाही. माणसाला चार दिवस शिंकायला लावणारा किरकोळ जंतू, अशीच त्याची ओळख पुढची तीन दशके टिकून राहिली.

ही समजूत मोडली ती दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात. नोव्हेंबर २००२ मध्ये फोशान शहरात एका विचित्र न्यूमोनियाचा पहिला ज्ञात रुग्ण आढळला. जानेवारीत प्रांतातील इस्पितळे अशा रुग्णांनी भरू लागली; त्यांची शुश्रूषा करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही आजारी पडू लागल्या. बाहेरच्या जगाला मात्र ११ फेब्रुवारी २००३ रोजी प्रथम अधिकृत कळविण्यात आले : ३०५ रुग्ण, ५ मृत्यू. तोवर तीन महिने उलटले होते.

त्यानंतर दहाच दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, ग्वांगडोंगमध्ये अशा रुग्णांवर उपचार केलेले डॉ. लिउ ज्यानलुन एका लग्नासाठी हाँगकाँगला आले आणि कवलूनमधील मेट्रोपोल हॉटेलच्या नवव्या मजल्यावर उतरले. त्यांच्या अंगात ताप होता. त्या एका मुक्कामातून किमान १६ जणांना लागण झाली. त्यांतील कोणी व्हिएतनामला गेले, कोणी सिंगापूरला, कोणी कॅनडातील टोरांटोला. गलबतांतून महिनोन्‌महिने प्रवास करणारी पटकी आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिली होती. ही साथ विमानाच्या तिकिटावर एका दिवसात खंड ओलांडून गेली.

हा विषाणू माणसात शिरतो कसा, हे येथे सांगितले पाहिजे. रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून उडणारे सूक्ष्म तुषार हे त्याचे मुख्य वाहन. ते जवळच्या माणसाच्या नाकातोंडात वा डोळ्यांत जातात, किंवा ज्या वस्तूवर पडतात तिला लागलेला हात चेहऱ्याकडे गेला की आत पोहोचतात. शरीरात गेल्यावर विषाणू आपला काटा पेशीच्या पृष्ठभागावरील 'एसीई-२' नावाच्या प्रथिनात अडकवतो. हे प्रथिन जणू पेशीच्या दाराचे कुलूप आहे, आणि काटा ही त्याची किल्ली. हे कुलूप फुप्फुसांच्या खोल भागात आणि आतड्यांतही असते. म्हणूनच सार्सच्या रुग्णाला न्यूमोनियाबरोबर पुष्कळदा जुलाबही होत. हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली, तेव्हा चौकशीत बोट गेले ते सांडपाण्याच्या नळांकडे. न्हाणीघरातील मोऱ्यांचे वाकडे नळ पाण्याअभावी कोरडे पडले होते, आणि त्यांतून दूषित तुषार घराघरांत ओढले गेले, असा निष्कर्ष निघाला.

मेट्रोपोलमध्ये उतरलेला एक व्यापारी फेब्रुवारीच्या अखेरीस हनोई येथील एका इस्पितळात दाखल झाला. आजार ओळखीचा वाटेना, म्हणून तेथील डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्लो उर्बानी या इटालियन वैद्याला बोलावले. उर्बानी हे संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ. १९९९ साली नोबेल शांतता पारितोषिक मिळालेल्या 'सीमाविरहित डॉक्टर' या संस्थेच्या इटालियन शाखेचे ते त्या वेळी अध्यक्ष होते. त्यांनी रुग्ण पाहिला, नमुने गोळा केले आणि हा नेहमीचा फ्लू नव्हे, असे संघटनेला कळविले. इस्पितळातील कर्मचारी एकामागून एक आजारी पडत असतानाही ते रोज तेथे जात राहिले. रुग्णांना वेगळे ठेवा, प्रवाशांची तपासणी करा, असा आग्रह त्यांनी व्हिएतनाम सरकारपाशी धरला, आणि सरकारने तो मानला. १२ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या जगाला सावध केले. त्याच्या आदल्याच दिवशी बँकॉकला जाताना उर्बानींना ताप भरला होता. २९ मार्चला, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे पत्नी व तीन मुले राहिली. २८ एप्रिलला साथ आटोक्यात आणणारा पहिला देश म्हणून व्हिएतनामचे नाव जाहीर झाले. तेथे रुग्ण होते ६३, मृत्यू ५.

उर्बानींच्या वेळी निदानाची कोणतीही चाचणी नव्हती. ३८ अंश सेल्सियसहून अधिक ताप, कोरडा खोकला, धाप, छातीच्या क्ष-किरण चित्रात दिसणारी छाया, आणि गेल्या दहा दिवसांत अशा रुग्णाशी संपर्क वा साथीच्या प्रदेशातून प्रवास, एवढ्यावर निदान उभे होते. औषधशास्त्राने हात टेकले तेथे रुग्णाला शांतपणे विचारलेला 'आपण कोठून आलात?' हा प्रश्न कामी आला. दरम्यान नऊ देशांतील प्रयोगशाळा स्पर्धा बाजूला ठेवून एकमेकींना रोज आपले निष्कर्ष कळवीत होत्या. मार्चमध्ये विषाणू सापडला, १२ एप्रिलला व्हँकूव्हरच्या शास्त्रज्ञांनी त्याची सुमारे २९,७०० अक्षरांची जनुकीय लिपी वाचली, आणि १६ एप्रिलला नवा करोना विषाणूच या रोगाचे कारण असल्याचे जाहीर झाले. मग पीसीआर चाचणी आली. तिलाही मर्यादा होती : आजाराच्या पहिल्या दिवसांत विषाणूचे प्रमाण कमी असल्याने रोगी असूनही ती नकारार्थी येऊ शके. रक्तातील प्रतिपिंडांची परीक्षा भरवशाची खरी, पण प्रतिपिंडे तयार होण्यास दोन-तीन आठवडे लागत.

सार्सने जशी माणसे पारखली, तशी शासनेही पारखली. बीजिंगमध्ये एप्रिलच्या आरंभी आरोग्यमंत्री साथ आटोक्यात असल्याचे सांगत होते. ज्यांग यान्योंग या ७१ वर्षांच्या निवृत्त लष्करी शल्यचिकित्सकाला ठाऊक होते की केवळ लष्करी इस्पितळांतच याहून कितीतरी अधिक रुग्ण आहेत. त्यांनी तसे पत्र लिहिले आणि ते परदेशी वृत्तपत्रसृष्टीपर्यंत पोहोचले. २० एप्रिलला आरोग्यमंत्री व बीजिंगचे महापौर दोघेही पदावरून गेले, आणि राजधानीतील रुग्णांचा अधिकृत आकडा एका दिवसात ३७ वरून ३३९ वर आला. त्या दिवसानंतरच चीनमधील नियंत्रणाला खरी गती आली. आकडा लपविल्याने रोग लपत नाही. रोग्याशेजारचा माणूस मात्र बेसावध राहतो.

मग साथ थांबली ती कशाने? उपाय सारे जुने होते. ताप आलेल्याला वेगळे ठेवणे, त्याच्या संपर्कातील प्रत्येकाला शोधून दहा दिवस घरी बसविणे, इस्पितळात मास्क, हातमोजे व झगे काटेकोरपणे वापरणे, हात धुणे. टोरांटोच्या कॅथलिक धर्मप्रांताने त्या वर्षीच्या पवित्र शुक्रवारी क्रुसाचे चुंबन न घेता नमन करण्याची सूचना भाविकांना दिली. सिंगापुरातही उपासनेच्या रीतींत असेच तात्पुरते बदल झाले. भक्ती कमी झाली नाही. शेजाऱ्याची काळजी तिच्यात मिळाली, एवढेच. जेथे सैल सोडले तेथे फटका बसला. टोरांटोने मे महिन्यात इस्पितळांतील निर्बंध शिथिल करताच दुसरी लाट उसळली. आपल्या देशात तीनच रुग्णांची नोंद झाली, त्यांतील पहिला एप्रिलमध्ये गोव्यात. मृत्यू एकही नाही. ५ जुलै २००३ रोजी संसर्गाची अखेरची साखळी तुटल्याचे जाहीर झाले. २००४ नंतर हा विषाणू माणसांत आढळलेला नाही.

या यशात माणसाच्या शिस्तीइतकाच विषाणूच्या स्वभावाचाही वाटा होता. सार्सचा रुग्ण ताप येण्यापूर्वी सहसा इतरांना लागण देत नसे. त्याच्या घशातील व फुप्फुसांतील विषाणू आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात कळसाला पोहोचत. तोवर तो अंथरुणाला खिळलेला, बहुधा इस्पितळात असे. म्हणूनच आजारी माणसाला वेगळे केले की साखळी तुटत होती. आणि म्हणूनच साथीचा भार शुश्रूषा करणाऱ्यांवर पडला : एकूण रुग्णांपैकी १,७०७ जण, म्हणजे पाचांत एक, आरोग्यसेवक होते.

२०१९ च्या अखेरीस वूहानमध्ये प्रकटलेला विषाणू याच कुळातला, तीच किल्ली घेऊन त्याच कुलपाशी आलेला. मात्र तो घशात लवकर वाढे, आणि लक्षणे दिसण्याच्या दोन दिवस आधीपासूनच पसरू लागे. कित्येकांना तर लक्षणेच नसत. विमानतळावर ताप मोजणारी यंत्रे त्याच्यापुढे आंधळी ठरली. सार्सच्या वेळी आजाऱ्याला अडविणे पुरे होते. कोविडमध्ये निरोग्यालाही स्वतःला अडवावे लागले. सर्वांनी मास्क लावणे, खिडक्या उघडणे, गर्दी टाळणे, आणि अखेर लस, हा मार्ग धरावा लागला. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, आणि त्यातील बहुसंख्य मात्रा पुण्यात तयार झालेल्या होत्या. तोवर अपरिमित हानी झाली होती. जगभरात नोंदले गेलेले मृत्यूच ७० लाखांहून अधिक आहेत.

या दोन साथी शेजारी ठेवल्या म्हणजे दिसते की विषाणूचा स्वभाव आपल्या हाती नसतो. पुढचा विषाणू सार्ससारखा संथ असेल की कोविडसारखा चपळ, हे तो आल्यावरच कळेल. आपल्या हाती राहतात त्या तीन गोष्टी : पहिल्या अनोळखी रुग्णाकडे लक्ष देणारा वैद्य, त्याचे म्हणणे न दाबणारे शासन, आणि आपल्या श्वासाचा शेजाऱ्याशी संबंध आहे हे ओळखणारा समाज. हनोईत या तिन्ही एकत्र आल्या आणि ६३ रुग्णांवर साथ थांबली. तेथे जे मरण पावले ते आकड्यांत थोडे होते, आणि जे आजारी पडलेच नाहीत त्यांची गणती कोणत्याही तक्त्यात नाही. अशा न झालेल्या मृत्यूंचाही इतिहास असतो, आणि तो आपण लिहून ठेवला पाहिजे.