काचबिंदूची दोन हजार वर्षे

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे घरोघरी एका दमात उच्चारली जातात. परंतु दोहोंतील अंतर फार मोठे आहे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते व ते काढल्यावर बहुधा दृष्टी परत येते. काचबिंदूत डोळा आणि मेंदू यांना जोडणारा दृष्टितंतूच झिजतो, आणि झिजलेला भाग पुन्हा भरून येत नाही. शिवाय या व्याधीच्या नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही की लाल होत नाही. दृष्टी जाते ती बहुधा प्रथम कडेची; त्यामुळे रोग्यास चाहूलही लागत नाही. अशा अबोल शत्रूची ओळख वैद्यकास पटली कशी, हा इतिहास बोधप्रद आहे.

हिपॉक्रेटीसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रीक सूत्रांत वार्धक्याच्या व्याधींमध्ये ‘ग्लॉकोसिस’ हा शब्द आढळतो. परंतु त्याचा अर्थ डोळ्याची निळसर-हिरवट झाक एवढाच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले असून त्यांत ‘अधिमंथ’ आहे. डोळा रवीने घुसळावा तशी वेदना आणि अर्ध्या मस्तकात ठणका हे त्याचे लक्षण. तीव्र काचबिंदूशी त्याचे साम्य उघड आहे. न दुखणारा प्रकार मात्र दोन्हीकडे अज्ञातच राहिला.

पहिला धागा सापडला तो बोटाला. १६२२ मध्ये रिचर्ड बॅनिस्टर या इंग्रज नेत्रवैद्याने लिहून ठेवले की, डोळा दाबून कठीण लागल्यास शस्त्रक्रियेने दृष्टी येण्याची आशा धरू नये. डोळ्यात एक स्वच्छ द्रव सतत झरतो आणि बारीक जाळीतून निचरतो. निचरा अडला की आतील भार वाढतो. ते काठिण्य या भाराचे होते.

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ याने नेत्रांतर्दर्शकाची माहिती प्रसिद्ध केली व जिवंत डोळ्याचा तळ प्रथमच दिसू लागला. तथापि पाहणारेही फसतात. बर्लिनचा अल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे याने १८५४ मध्ये काचबिंदूतील दृष्टितंतूचे टोक सुजून वर आले आहे, असे वर्णन केले. वस्तुतः तेथे भाराने पडलेला खड्डा होता! थोड्याच काळात ग्रेफेने आपली चूक ओळखली व सुधारली. १८५७ मध्ये त्याने बुबुळाचा छोटा भाग कापण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीव्र काचबिंदूवर इलाज मिळाला. शांत काचबिंदूपुढे तो बहुधा तोकडा पडे.

औषध आले ते अनपेक्षित दिशेने. पश्चिम आफ्रिकेत आरोपीच्या दिव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कालाबार नावाच्या विषारी बियांतील सत्त्व स्ट्रासबुर्गच्या लुडविग लाकर याने १८७६ मध्ये काचबिंदूवर योजिले. लाकर स्वतः याच व्याधीने ग्रस्त होता. १९०५ मध्ये नॉर्वेच्या ह्याल्मार शिऑट्झ याने भारमापक यंत्र सादर केले, आणि बोटाच्या अंदाजाची जागा आकड्याने घेतली. भारतातही या प्रश्नावर मोलाचे काम झाले. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट याने १९०९ पासून डोळ्याच्या कठीण आवरणास सूक्ष्म छिद्र पाडून द्रवास नवी वाट देण्याची शस्त्रक्रिया रूढ केली.

तरीही एक प्रश्न उरला होता : दृष्टितंतू शाबूत आहे, केवळ भार वाढला आहे, तर उपचार करावा काय? डोळ्याचा भार सामान्यतः पाऱ्याचे १० ते २१ मिलिमीटर असतो. अमेरिकेत वाढीव भाराच्या १,६३६ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत उपचाराविना राहिलेल्यांपैकी ९.५ टक्के लोकांस काचबिंदू जडला. थेंब घालणाऱ्यांत हे प्रमाण ४.४ टक्के होते.

मात्र वाढीव भाराच्या प्रत्येकास काचबिंदू होतोच असे नाही, आणि भार सामान्य असूनही काहींचा दृष्टितंतू झिजतो. म्हणून भारासोबत दृष्टितंतू व दृष्टिक्षेत्र ही दोन्ही तपासावी लागतात. चाळिशीनंतर, आणि आईवडील वा भावंडांत ही व्याधी असल्यास विशेषेकरून, ही तपासणी तक्रारीची वाट न पाहता व्हावी. आणि दिलेले थेंब डोळा बरा वाटतो म्हणून सोडू नयेत. गेलेली दृष्टी आजही परत आणता येत नाही. उरलेली राखता येते.