ओटीच्या भिंतींचा रंग

दिंडोरीचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत येतें तें मुख्यतः सन १६७० च्या ऑक्टोबरांतील लढाईमुळें. सुरत दुसऱ्यांदा लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांनीं वणी-दिंडोरीच्या मुलुखांत दाऊदखानाच्या मोंगली फौजेचा पराभव केला. परंतु गेल्या दिवाळीपूर्वीं आमच्या तेथील घरांत दोन भावांचें बोलणें बंद पडलें, तें ओटीच्या भिंतींस रंग कोणता द्यावा एवढ्याशा प्रश्नावरून! धाकट्या बंधूंस राखी प्लॅस्टिक पेंट हवा होता. आमचा हट्ट वाडवडिलांचा निळसर पांढरा रंग राखण्याचा.

अध्यापकाच्या खोडीस अनुसरून आम्हीं पुरावा काढण्यासाठीं भिंत खरवडली. वरचा थर निळसर निघाला. त्याखालीं पिवडी, आणि तळाशीं गेरू. म्हणजे आमचे ‘वाडवडील’ तीन थरांत सर्वांत अलीकडचे ठरले.

शेजारच्या चांदवडास होळकरांच्या रंगमहालांत भित्तिचित्रें आहेत. पण सामान्य गृहस्थाची निवड मुख्यतः चुन्यानेंच ठरविली. चुना तिखट, त्यांत थोडेच रंग टिकतात. गेरू, काव, पिवडी या लोहयुक्त मात्या टिकतात. अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिनमध्यें निघालेला सुप्रसिद्ध निळा रंग मात्र चुन्यांत नासतो. हुरमुंजी या शब्दांत तर इराणी आखातांतील होर्मुझ बेटाच्या तांबड्या मातीचें नांवच जपलेलें आहे. पांढऱ्या चुन्यांत घालावयाची नीळ आम्ही पिढीजात समजत होतों. पण धुण्याकरितां बाजारांत पुडींतून मिळूं लागली ती नीळ शेतांतील झाडाची नव्हे. ती कृत्रिम रीतीनें करण्याची युक्ति गिमे नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञानें १८२६ च्या सुमारास साधली.

मग पिवडी झांकून पांढरा रंग कधीं आला? याचें उत्तर आमच्या वृद्ध आत्याबाईंनीं दिलें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला व पुढें तो इलाखाभर पसरला. सरकारी बंदोबस्तांत रोग्याचें घर धुऊन चुन्यानें पांढरें करीत. आमच्या पणजीच्या माहेरचें घर असेंच पांढरें झालें होतें, आणि तेथून दोन माणसें गेलीं होतीं. ती जिवंत असेपर्यंत या ओटीस पांढरा हात लागूं दिला नाहीं. तिच्या मागें आमच्या आजोबांनीं पहिला निळसर हात दिला. आम्हीं जन्मापासून पाहिला तो हाच. तिला जें सोसवत नव्हतें, त्याचाच आम्ही परंपरा म्हणून कैवार घेत होतों!

बंधूंचीहि सुटका झाली नाहीं. गवंडी म्हणाला, “दादा, मातीच्या भिंतीला प्लॅस्टिक लावाल तर आंतली ओल आंतच राहील, दोन पावसाळ्यांत पोपडे धरतील.” चुन्यांतून ओल वाफ होऊन निघून जाते, हें त्याचें म्हणणें बरोबर आहे.

अंगणांत पिंपांत चुना विरला. पिवडी कापडांतून गाळून त्यांत घातली. ओला रंग फार गडद दिसतो, म्हणून बंधु दचकले. गवंड्यानें हातभर तुकडा रंगवून तो वाळूं दिला. तिसऱ्या दिवशीं आत्याबाई ओटीवर येऊन बसल्या, तुकड्याकडे बराच वेळ पाहिलें, आणि आणखी एक मूठ पिवडी घालावयास सांगितली.