अत्यवस्थ बालकांची तातडीची संदर्भसेवा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

गंभीर आजारी बालकास खालच्या आरोग्यसंस्थेतून वरच्या रुग्णालयात तातडीने पाठविण्याच्या व्यवस्थेस ‘संदर्भसेवा’ असे म्हटले जाते. कागदोपत्री ही व्यवस्था सोपी आहे. आजार ओळखावयाचा, चिठ्ठी द्यावयाची आणि पुढील उपचार वरच्या संस्थेने करावयाचे. प्रत्यक्षात चिठ्ठी मिळालेले प्रत्येक बालक रुग्णालयात पोहोचतेच असे नाही. ही तफावत आरोग्यधोरणाच्या लक्षात कशी आली, याचा आढावा प्रामुख्याने गडचिरोली जिल्ह्यातील अनुभवाच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

त्रिस्तरीय रचना व तिचे गृहीतक

भोर समितीने १९४६ च्या अहवालात आरोग्यसेवेची त्रिस्तरीय रचना सुचविली. तिच्या दीर्घकालीन आराखड्यात ७५ खाटांचे प्राथमिक, ६५० खाटांचे दुय्यम आणि जिल्हास्तरावर २५०० खाटांचे रुग्णालय अपेक्षित होते. गरजेनुसार रुग्ण खालून वर जाईल, हे या रचनेचे गृहीतक होय. स्वातंत्र्योत्तर काळात प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहिली. परंतु खाटांचे उद्दिष्ट दूरच राहिले आणि खेड्यातून रुग्णालयापर्यंतच्या प्रवासाचा भार कुटुंबावरच पडला.

गडचिरोलीतील निरीक्षणे

१९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. संस्थेने १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बालकांचे त्यांच्या घरी जाऊन निरीक्षण केले. त्यांपैकी ५४.४ टक्के बालकांना वैद्यकीय सेवेची गरज होती. प्रत्यक्षात केवळ २.६ टक्के बालकांना डॉक्टरांची सेवा मिळाली आणि रुग्णालयात दाखल झालेल्यांचे प्रमाण ०.४ टक्के एवढेच होते. अंतर, खर्च, वाहनाचा अभाव, मजुरी बुडण्याची भीती, तसेच बाळंतीण व बाळ यांना घराबाहेर न नेण्याची रूढी अशी अनेक कारणे यामागे होती. म्हणजेच पालकांच्या नकारास केवळ अज्ञान मानणे योग्य ठरत नाही.

या परिस्थितीत संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांमार्फत घरीच नवजात बालसेवा सुरू केली. जंतुसंसर्ग झालेल्या बालकास रुग्णालयात नेण्यास पालक तयार नसल्यास घरीच प्रतिजैविके दिली जात; त्यांत जेंटामायसिनच्या इंजेक्शनचाही समावेश होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ३९ प्रायोगिक गावांत ४७ तुलनात्मक गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांमधील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

धोरणातील परिवर्तन

याच दशकात जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी बालकांच्या आजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची पद्धती विकसित केली. दूध किंवा पाणी पिता न येणे, सर्व काही उलटून पडणे, झटके येणे, सुस्ती वा बेशुद्धी ही धोक्याची सर्वसाधारण लक्षणे निश्चित झाली. तातडीने पाठवावयाच्या आजारांसाठी गुलाबी रंगाचा वर्ग ठरला. पाठविण्यापूर्वी प्रतिजैविकाचा पहिला डोस देणे, रक्तातील साखर कमी होऊ न देणे आणि वाटेत बाळ उबदार ठेवणे, हेही कर्मचाऱ्याचे कर्तव्य ठरले. संदर्भसेवेचा प्रारंभ उपचारानेच होतो, हे त्यामुळे मान्य झाले.

भारतात २०११ मध्ये आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींद्वारे नवजात बालसेवेचा कार्यक्रम आखला गेला. त्याच वर्षी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने शासकीय संस्थांत आजारी नवजात बालकास मोफत उपचार व मोफत वाहतूक यांची हमी दिली. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा केंद्र शासनाने परिचारिकांना (एएनएम) दिली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही, रुग्णालयात नेणे शक्य नसल्यास दोन महिन्यांखालील बालकांवर बाह्योपचार कसे करावेत, याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पालकांचा नकार ही आरोग्यव्यवस्थेबाहेरची अडचण नसून तिच्याच मर्यादांचे ते प्रतिबिंब आहे. मात्र गडचिरोलीच्या यशाचा विपरीत अर्थ काढला जाण्याचा धोकाही संभवतो. घरी उपचार शक्य आहेत, म्हणून दुर्गम भागास रुग्णालय नको, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. श्वास थांबू लागलेल्या किंवा झटके येणाऱ्या बालकास प्राणवायू व अहोरात्र देखरेख लागते; ती झोपडीत मिळू शकत नाही. गृहोपचार हा रुग्णालयाचा पर्याय नसून तेथवर पोहोचू न शकणाऱ्यांसाठीचा आधार आहे. म्हणूनच संदर्भसेवेचे मूल्यमापन दिलेल्या चिठ्ठ्यांच्या संख्येवरून न करता, उपचार मिळालेल्या बालकांच्या संख्येवरून होणे अगत्याचे आहे.