कॅच-22 आणि इतर पेचवाचक इंग्रजी शब्द

कोणतीही वाट धरली तरी नुकसान ठरलेलेच, अशा स्थितीसाठी आणि वरून न दिसणाऱ्या अडचणीसाठी इंग्रजीत शब्दांचा मोठा साठा आहे. कॅच-22, डायलेमा, हॉब्सन्स चॉइस, मॉर्टन्स फोर्क, डबल बाइंड हे पहिल्या प्रकारचे. स्नॅग, पिटफॉल, फाइन प्रिंट हे दुसऱ्या. मराठी लेखनात यांपैकी कॅच-22 सर्रास येतो, आणि पुष्कळदा नको तिथे येतो. पेच कोणी घातला आणि गाठ नेमकी कुठे बसली आहे, यावर शब्द ठरतो. पालघर जिल्ह्याच्या जव्हार-मोखाडा पट्ट्यात यांतल्या बहुतेक शब्दांना प्रत्यक्षातली उदाहरणे मिळतात.

कॅच-22 हा शब्द जोसेफ हेलर या अमेरिकी लेखकाच्या 1961 सालच्या त्याच नावाच्या कादंबरीतून आला. हेलर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांवर होता. कादंबरीतल्या नियमानुसार वेड लागलेल्या वैमानिकाला उड्डाणातून सुटका मिळते, मात्र ती त्याने स्वतः मागितली पाहिजे. आणि जो मरणाला भिऊन सुटका मागतो तो शहाणा ठरतो, म्हणून त्याला उडावेच लागते. आधी योजलेला आकडा 18 होता. लिऑन युरिस यांची ‘मिला 18’ ही कादंबरी त्याच सुमारास येत असल्याने तो बदलला गेला. या शब्दाचे मर्म असे, की सुटकेची अट पुरी करू गेले की सुटकेचा हक्कच जातो. नियम स्वतःचेच शेपूट गिळतो. इथे निसर्ग, नशीब किंवा शत्रू यांचा संबंध नसतो. कॅच-22 घडायला कागद आणि कार्यालय लागते.

जव्हार तालुक्यातल्या साखरशेतसारख्या गावांत आणि शेजारच्या मोखाड्यात वनजमीन कसणाऱ्यांचा प्रश्न बराच काळ याच जातीचा होता. जमीन नावावर व्हायची तर ती आधीपासून कसत असल्याचा लेखी पुरावा हवा. पण नोंद ठेवणार सरकारी दप्तर, आणि दप्तराच्या लेखी ही वहिवाट म्हणजे अतिक्रमण. अशा वेळी अतिक्रमणाबद्दल भरलेल्या दंडाची पावती हाच सर्वांत भक्कम कागद ठरे. ज्याला दंड झाला त्याच्याकडे पुरावा होता. ज्याच्यावर कधी कारवाईच झाली नाही, किंवा ज्याच्या हाती पावती पडली नाही, तो कोरडा राहिला. गुन्ह्याचा कागद हाच हक्काचा कागद, असा हा उलटा न्याय. ही गाठ सैल व्हायला वेळ लागला. प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली केवळ कागदावर अडून न बसता इतर पुरावाही तपासायला सांगितले. पुढे 2006 चा वनहक्क कायदा आला. त्यात 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा धरला गेला, आणि 2008 च्या नियमांनी गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, जुने बांध, विहिरी, घरे, दफनाच्या जागा यांनाही पुराव्यात स्थान दिले.

जमातीच्या दाखल्याची अडचण या जातीच्या जवळची आहे. महाराष्ट्रात त्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचे वास्तव्य आणि घराण्याची जमात दाखवावी लागते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणायचा? मग कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद शोधत तहसील गाठायची. शिक्षणापासून वंचित राहिलेल्यांसाठी असलेली सवलत मिळवायला आजोबा शिकलेला असल्यास सोपे जाते, ही यातली खरी गंमत. इथल्या कातकरी आदिवासींना ती अर्थातच गंमत वाटत नाही.

डायलेमा हा शब्द जुना, ग्रीक तर्कशास्त्रातला. यात वाटा दोनच असतात आणि दोन्ही वाईट. संस्कृतात याला ‘उभयतःपाशा रज्जुः’ म्हणत, म्हणजे दोन्ही टोकांना फास असलेली दोरी. मराठीत इकडे आड तिकडे विहीर. भात, नागली, वरईची कापणी उरकली की जव्हार-मोखाड्याची कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. आधी बयाणा घेतलेला असतो, तो फिटेपर्यंत राबावे लागते. गेले तर मुलांची शाळा सुटते; थांबले तर उन्हाळ्यात घरात दाणा नाही. याला कॅच-22 म्हणू नये. कोणताही नियम इथे स्वतःला खात नाही. गरिबीच दोन्ही दारांत उभी आहे.

हॉब्सन्स चॉइस म्हणजे नावापुरती निवड. टॉमस हॉब्सन (मृत्यू 1631) हा केंब्रिजचा घोडेवाला गिऱ्हाइकाला दाराजवळचाच घोडा देई. तो घे, नाहीतर चालू लाग. जुन्या ठाणे जिल्ह्यातली (पालघर तेव्हा त्यातच होता) ‘लग्नगडी’ पद्धत याच साच्यातली. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे उचलायचे आणि फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. हिशेब त्याच्याच हाती, म्हणून कर्ज फिटतच नसे. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने 1945 पासून या वेठीविरुद्ध लढा दिला. देशभर वेठबिगार बंद करणारा कायदा 1976 चा.

मॉर्टन्स फोर्क हा पेच कर घेणाऱ्याचा. सातव्या हेन्रीचा मंत्री जॉन मॉर्टन याच्या नावावर तो आहे: थाटात राहणाऱ्याकडे पैसा आहेच, काटकसरीने राहणाऱ्याने साठवलाच असेल, तेव्हा दोघांनीही द्यावे. डबल बाइंड ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी 1956 साली मानसशास्त्रात आणला. ज्याला सोडून जाता येत नाही अशा माणसाने परस्परविरोधी दोन आज्ञा द्यायच्या, असे त्याचे स्वरूप. त्यातून स्किझोफ्रेनिया होतो हे त्यांचे प्रतिपादन टिकले नाही, शब्द मात्र टिकला.

दुसऱ्या गटात निवडीचा प्रश्न नसतो; अडचण नजरेआड असते, एवढेच. स्नॅग म्हणजे मुळात नदीत बुडालेले झाडाचे खोड. अमेरिकेत मिसिसिपीवर वाफेच्या बोटी त्यावर आदळून फुटत, म्हणून 1829 साली हेन्री श्रीव्ह याने अशी खोडे उपसणारी खास बोट बांधली. पिटफॉल म्हणजे वरून पालापाचोळा पसरलेला शिकारीचा खड्डा. अशीच झाकलेली अडचण जव्हारात आहे: पावसाचे आकडे पाहणाऱ्याला इथे पाणीटंचाई असेल असे वाटत नाही. मेख काळ्या कातळात आणि उतारात आहे: पाणी मुरत नाही, वाहून जाते, आणि उन्हाळ्यात टँकर येतो.

फाइन प्रिंट म्हणजे करारात बारीक टायपात दडवलेली अट. वनहक्क कायद्याने मिळणाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातही एक अट आहे. ती दडवलेली नाही, कायद्यात सरळ लिहिलेली आहे. पट्टा हाती आल्याच्या आनंदात ती कोणी वाचत नाही इतकेच. हा हक्क वारसाकडे जातो, पण हस्तांतरित करता येत नाही. जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून ही तरतूद आहे, आणि तिच्याचमुळे बँकेत तारण म्हणून पट्टा चालत नाही.