आज खा, आठ दिवसांनी दे

आपल्याकडे किराणा दुकानात नाहीतर चहाच्या टपरीवर एक पाटी हमखास दिसते, 'आज रोख, उद्या उधार'. उद्या गेलात तरी पाटी तीच! आज मी तुम्हाला याच्या बरोबर उलट रीत असलेल्या एका शहराची गोष्ट सांगणार आहे. शहर इटलीतलं नेपल्स, आणि दुकान पिझ्झाचं.

2023 साली मी आणि सौ. इटलीला गेलो होतो. मुख्य ओढ होती ती नेपल्सहून रोमकडे जाताना लागणाऱ्या कसिनोच्या युद्धस्मशानाची. त्याबद्दल शेवटी बोलतो. आदल्या संध्याकाळी नेपल्सच्या एका अरुंद गल्लीत आम्ही जेवायला शिरलो. सहा-सात टेबलं, संगमरवरी फळ्या, कोपऱ्यात लाकडांवर पेटलेली घुमटाकार भट्टी. मुलगा पीठ थापत होता, वडील भट्टी सांभाळत होते, नात ताटं देत होती आणि आजी दाराशी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करत होत्या. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ जेवले, आजींना हात केला आणि पैसे न देता निघून गेले. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. नातीला थोडं इंग्रजी येत होतं. ती हसून म्हणाली, "ते पेन्शन झाली की देतात."

मंडळी, माझ्या मते पिझ्झाचा खरा इतिहास या एका वाक्यात आहे.

आपल्याकडे पिझ्झा रुजला तो 1996 नंतर, मोठ्या विदेशी कंपन्यांची दुकानं दिल्ली-बेंगळुरूत उघडली तेव्हा. त्यामुळे पिझ्झा म्हणजे वाढदिवसाची चैन, असं आपल्या मनात बसलं. मूळ गावी तो हमाल, कोळी आणि रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचा घास होता. जसा आपला वडापाव. बंदरावर काम करणाऱ्याच्या घरात धड चूल नसायची, मग पिठाचा चपटा गोळा भाजून त्यावर लसूण, चरबी, मीठ, जमलंच तर छोटे मासे टाकून तो रस्त्यावरच विकला जाई. टोमॅटो नंतर आला. मिरचीप्रमाणे तोही मूळचा अमेरिका खंडातला.

बाहेरच्या लोकांनी या खाण्याला नाकं मुरडली. टेलिग्राफसाठी प्रसिद्ध असलेला सॅम्युएल मोर्स 1831 मध्ये नेपल्सला आला होता. त्याला पिझ्झाची शिसारीच आली. त्यानंतर फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर ड्यूमा आला. त्याने 1843 च्या आपल्या प्रवासवर्णनात 'आठाचा पिझ्झा' असा एक प्रकार नोंदवला आणि खुलासा केला की हा आठ दिवसांपूर्वी भाजून ठेवलेला शिळा पिझ्झा! बिचारा फसला. त्याचा खरा अर्थ होता, आज खा आणि पैसे आठ दिवसांनी दे. शहर नीट पाहणाऱ्या लेखकालाही उधारी दिसली नाही, शिळं अन्न दिसलं. गरिबाच्या व्यवहारातला विश्वास परक्याच्या डोळ्यांना असाच चुकतो.

1884 साली नेपल्समध्ये कॉलऱ्याने हजारो माणसं दगावली. त्याच वर्षी मातिल्दे सेराओ या पत्रकार बाईंनी शहराच्या गरीब वस्त्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात पिझ्झावाला आहे, त्याच्याकडून तुकडे घेऊन कोपऱ्याकोपऱ्यावर विकणारी पोरं आहेत, आणि त्या एका तुकड्यावर सकाळ किंवा दुपार काढणारी माणसं आहेत. एका नेपल्सकराने हाच धंदा रोममध्ये सुरू केला आणि तो बुडाला, हेही त्या सांगतात. मला त्याचं नवल वाटत नाही. पीठ आणि भट्टी रोमला नेता येते. 'ते पेन्शन झाली की देतात' म्हणणारी गल्ली नेता येत नाही.

आता तुम्ही विचाराल, कर्नलसाहेब, राणीची गोष्ट राहिली! सांगतो. जून 1889 मध्ये राणी मार्गेरिता नेपल्सला आली असताना राफाएले एस्पोझितो या कारागिराने तिला तीन पिझ्झे करून दिले. त्यातला टोमॅटो, मोझरेला चीज आणि तुळशीसारख्या बेझिलच्या पानांचा, म्हणजे इटलीच्या झेंड्याच्या तीन रंगांचा, तिला आवडला आणि त्याला तिचं नाव पडलं, अशी ही गोष्ट. दुकानात राजवाड्याचं आभारपत्रही लावलेलं आहे. पण त्या पत्राच्या शिक्क्याबद्दल आणि अक्षराबद्दल अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, आणि हे तीनही जिन्नस त्याच्या कितीतरी आधीच्या वर्णनांत सापडतात. राणीने नाव दिलं असेलही. पण रोज खाऊन तो जगवला तो गल्लीने.

याची कसोटी लागली दुसऱ्या महायुद्धात. सप्टेंबर 1943 मध्ये नेपल्सच्या लोकांनी चार दिवस रस्त्यांवर जर्मनांशी झुंज दिली आणि 1 ऑक्टोबरला दोस्त सैन्य शहरात शिरलं. शहर बाँबहल्ल्यांनी मोडलेलं, पाणी नाही, धान्य नाही. भट्ट्या पडलेल्या, चीज परवडणारं नव्हतं. तेव्हा त्या गल्ल्यांतल्या बायकांनी वाट काढली. रस्त्याला लागून असलेल्या आपल्या एका खोलीच्या घरासमोर कढई ठेवली आणि पिझ्झा तळून विकायला सुरुवात केली. पैसे? आठ दिवसांनी. 1954 साली दिग्दर्शक व्हित्तोरियो दे सिका यांनी 'नेपल्सचं सोनं' या अर्थाच्या नावाचा चित्रपट काढला. त्यातल्या एका कथेत सोफिया लॉरेन अशीच पिझ्झा विकते, आणि त्या कथेचं नावच आहे 'उधारीचे पिझ्झे'.

नेपल्सच्या पिझ्झा कारागिरांची ही कला 2017 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत भाजून निघतो. त्या एवढ्या वेळात कारागीर तुमच्याशी दोन शब्द बोलतो, आणि मान्यता मिळाली ती या नात्यासकट.

उधारी म्हणजे काय, हे मी फौजेत शिकलो. ऐंशीच्या दशकात पंजाबात आमचं युनिट होतं. जवळच्या ढाब्यावर जवानांची खाती असत. एका रात्री हुकूम आला आणि सकाळपर्यंत आम्ही तिथून हललो. बहुतेकांनी मनीऑर्डरने पैसे पाठवले. एका जवानाचे अठरा रुपये राहिले, आणि काही महिन्यांनी तो कामगिरीवर असताना गेला. पुढे त्या बाजूला गेलो तेव्हा मी ते फेडायला ढाब्यावर थांबलो. सरदारजींनी वही काढली, त्याचं नाव दाखवलं, पण पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "साहब, ये खाता बंद नहीं करना." उधार देणारा माणूस तुम्ही परत येणार हे गृहीत धरतो. रोखीत ते धरावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कसिनोला गेलो. इटलीच्या मोहिमेत भारताच्या 4, 8 आणि 10 या डिव्हिजन लढल्या आणि आपले पाच हजारांहून अधिक जवान तिथे कामी आले. ज्यांची कबर किंवा दहनाची जागा माहीत नाही त्यांची नावं स्मारकाच्या फळ्यांवर कोरली आहेत. त्यात माणगावकडचा, मराठा लाईट इन्फंट्रीचा नाईक यशवंत घाडगे आहे. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात त्याच्या सेक्शनचे सगळे पडले, तरी त्याने एकट्याने मशीनगनची चौकी घेतली. गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढला, आणि मग शत्रूच्या गोळीने पडला. वय 22. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्या नावापुढे उभा राहून मी सॅल्यूट केला. मनात आदल्या रात्रीची गल्ली होती. आजी दाराशी बसल्या आहेत आणि कुणीतरी उधारीवर निर्धास्त जेवतं आहे. त्या देशात आठ दिवसांनंतरचा भरवसा परत आला, त्याची किंमत भरणाऱ्यांत आमचे घाडगेही होते. ते खाते मी बंद मानत नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.