शिलेवरील दोन ओळी

'एपिग्राम' म्हटलें कीं आज एखादी खोंचदार चुटकेवजा कविता डोळ्यांपुढें येते. ग्रीक भाषेंत मात्र या शब्दाचा मूळ अर्थ 'कोरलेला लेख' एवढाच होता. थडग्याच्या शिळेवर किंवा देवाला वाहिलेल्या वस्तूवर तो कोरीत. दगडावर जागा थोडी व कोरण्याचे श्रम फार. तेव्हां शब्द मोजकेच ठेवणें भाग पडे. या गरजेंतूनच पुढें एक कला जन्मास आली.

इ. स. पूर्व ४८० मध्यें थर्मोपिलीच्या खिंडींत इराणी सैन्याशीं लढतांना पडलेल्या स्पार्टन वीरांच्या स्मारकावरील दोन ओळी सर्वांत प्रसिद्ध आहेत. परंपरेनें त्या सिमोनिडीस कवीच्या मानल्या. परंतु त्याच रणांत पडलेल्या मेगिस्टिअस या भविष्यवेत्त्याचा लेख तेवढा सिमोनिडीसनें मैत्रीखातर कोरविला, असें इतिहासकार हिरोडोटस सांगतो.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत कॅलिमॅकससारख्या पंडित कवींनीं हा प्रकार पुस्तकांत आणला. पुढें पहिल्या शतकांत रोमन कवि मार्शल यानें शेवटीं डंख मारण्याची रीत रूढ केली. युरोपनें तीच उचलली व मूळचा गंभीर सूर मागें पडला.

तो सूर वांचला तो संग्राहकांमुळें. मेलिएगरनें इ. स. पूर्व १०० च्या सुमारास गुंफिलेली 'माला' पुढील संग्रहांत मिसळली. त्यांचें दहाव्या शतकांतील एक हस्तलिखित सतराव्या शतकाच्या आरंभीं हायडेलबर्ग येथें सापडलें. त्यांत वीरांच्या जोडीला बुडालेले खलाशी, अकालीं गेलेलीं मुलें व गुलाम यांच्याहि मृत्युलेखांना जागा आहे. इतिहासग्रंथांत ती त्यांना क्वचितच मिळाली.